आप्पांनी निवडलेलं भूत

पंढरी घरत या माणसाशी मी जेवढी भांडले असेन तेवढी नवऱ्याशीसुद्धा भांडले नाही. आणि आमच्या जयप्रकाशशी मी किती भांडते ते चारही विंगना ऐकू जातं. पण आज मला कुणी विचारलं, की वैशालीताई, एखाद्या माणसाकडे बघून तुमची वाचा बसली असं कधी झालंय का, तर मी हे एकच नाव घेईन. माझी वाचा बसणं ही साधी गोष्ट नाही, मला ओळखणारं कुणीही सांगेल.

आमची सोसायटी सीवूड्सला. तिथे त्यांना सगळे आप्पा म्हणतात. धिप्पाड देह, पांढरा शर्ट, गळ्यात जाड साखळी, बोटांत अंगठ्या, आणि आवाज असा की लिफ्टमध्ये बोलले तर पार्किंगमध्ये कळावं. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांची. इथे त्यांची भातशेती होती. शहर आलं, शेती गेली, बदल्यात सरकारकडून, गेलेल्या जमिनीच्या हिशोबाने साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, त्यावर बिल्डरने बिल्डिंग बांधली आणि आप्पांना तिच्यात फ्लॅट दिले. त्यामुळे गच्ची आपलीच आहे, असं त्यांचं ठाम मत. तिथे ते सुके बोंबील वाळत घालायचे.

"आप्पा, हे चालणार नाही, सोसायटीचा नियम आहे," मी म्हणायचे.

"तुजी सोसायटी माजे शेतान उभी हाय, म्हाईत हाय ना?"

"असेल! पण वास माझ्या स्वयंपाकघरात येतो."

"वास तुमचे नाकाला येतो गो. आमाला भूक लागते."

आता यावर काय बोलणार, कपाळ! मी सांगलीकडची, आमच्याकडे पापड-कुरडया वाळत घालतात. पण एक कबूल करते, की आप्पा गोष्टी सांगायला बसले की मी भांडण विसरून ऐकत राहायचे. तरुणपणी ते खाडीचा बांध राखायचे. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबलचक बांध असायचा, आणि उधाणाची भरती आली की आप्पा त्यावरून अनवाणी, पायाने दाबत दाबत चालायचे. "डोल्यांना बांध दांडगाच दिसतो," ते सांगायचे, "पन खेकड्यान बिल केलेला असतो. बोटभर बिल. तेच्यातना पानी आत आला का आख्खा शेत खारवला, पुरं वर्सानुवर्सं भात नाय." बिल म्हणजे बीळ. असं सांगताना ते स्वतःच्या पायाकडे बघायचे.

शेती गेल्यावर आप्पांना काम उरलं नाही. मग नात झाली, मनस्वी. ती टीव्हीसमोर बसायला लागल्यापासून आजोबा-नात रोज संध्याकाळी एकत्र कार्टून बघायची. ती गप्प बसून बघायची आणि हे टीव्हीशी भांडायचे. "आरे, मागं बग, मागं! आंधला हायेस काय?" दार उघडं असायचं, त्यामुळे जाणारे-येणारे हसायचे.

मनस्वीचा बाप रूपेश, आप्पांचा एकुलता एक मुलगा. उरणकडच्या कंटेनरच्या गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता. बापाच्या अगदी उलट, हळू बोलणारा. मी आप्पांशी गच्चीवर भांडले की हा दुसऱ्या दिवशी गुपचूप येऊन बोंबील उचलून न्यायचा आणि म्हणायचा, "ताई, मनावर घेऊ नका." या वर्षी गणपतीच्या आधी, कामावरून परत येताना रस्त्यावर त्याची बाइक घसरली आणि रूपेश गेला. पहिलीत शिकणारी पोर, बायको नमिता, आणि ही दोन म्हातारी माणसं मागे राहिली. यापेक्षा जास्त मला सांगवत नाही.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले. जयप्रकाश गेला होता. त्याने घरी येऊन सांगितलं, "झाडावर कावळे ढिगाने बसले होते, वैशाली, आणि एकही खाली उतरेना." मग ज्याला जे सुचेल ते तो बोलू लागला. आप्पांनी हात जोडून सांगितलं, पोरीला शिकवीन. सुनेला अंतर देणार नाही. घर सांभाळीन. तरी कावळा शिवेना. उन्हं कलली, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. तशी रीत आहेच, त्यात वावगं काही नाही. पण घरी आल्यावर आप्पांची थोरली बहीण रंगूबाई हिने हंबरडा फोडला. "पोरीत जीव अरकलाय माज्या रूपेशचा! तो नाय जायाचा! हितंच फिरल तो!"

मनस्वी दाराआड उभी होती. दुःखात माणसाच्या तोंडून काय जाईल याचा नेम नसतो, रंगूबाईला तरी काय बोल लावायचा? पण शब्द गेला तो गेला.

पोर रडली नाही. बाप गेला त्या दिवशी नाही, नंतरही नाही. शाळेत जात होती, जेवत होती, विचारलं तेवढं बोलत होती. बायका म्हणायच्या, लहान आहे, समजत नाही. मीही तेच समजत होते. मग दिवाळी आली. घरतांच्या घरी दुखवटा, कंदील नाही, फराळ नाही. आम्ही शेजाऱ्यांनी डबे नेऊन दिले. दिवाळी संपता संपता एकदा मी आणि मनस्वी लिफ्टमध्ये दोघीच होतो. माझ्याकडे बघून ती हसली. किती दिवसांनी हसली असेल!

"काकू, हॅलोविनला पप्पा येणारेत."

मी म्हटलं, "काय?"

"बी विंगचा ऋषी म्हणाला. हॅलोविनला सगळी भुतं आपापल्या घरी येतात. रंगूआजी म्हणाली ना, पप्पा अडकलेत म्हणून. अडकलेले भूत होतात. म्हणजे ते येणार." आणि मला समजावून सांगावं तसं पुढे म्हणाली, "मी पिवळा फ्रॉक घालणारे. त्यांनीच आणलेला."

मी भलत्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने घरी गेले.

आता सोसायटीतल्या हॅलोविनबद्दल. कल्चरल कमिटी माझ्याकडे आहे, म्हणून सांगते. मला स्वतःला हे थेर कळत नाहीत. लाल भोपळा आम्ही घारगे करायला आणतो, इथे त्याला डोळे कोरून दारात ठेवतात. पण पोरं नटतात, चेटकिणीच्या टोप्या घालून दारोदार चॉकलेटं मागतात, मग क्लबहाउसमध्ये पडद्यावर एक भुतांचं कार्टून लावलं जातं. चारही विंगची पोरं एका सतरंजीवर बसतात, ते मात्र मला आवडतं. या वर्षी मी मीटिंग बोलावली आणि सरळ सांगितलं, की हॅलोविन रद्द. कारणही सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात आप्पा आत आले. रूपेशच्या दहाव्यानंतर ते खाली उतरले नव्हते. शर्ट अंगावर लोंबत होता.

"रद नको करू," ते म्हणाले.

"आप्पा, तुमच्यासाठीच करतोय. मनस्वी काय म्हणते ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"म्हाईत हाय. पन तू कार्यक्रम रद करशील. तारीख रद करशील काय? तारीख येनारच. ती पोर त्या दिशी दारान उभी र्‍हानारच."

मी म्हटलं, "मग तिला समजावून सांगा."

"सांगून थकलो गो. मी सांगितला, तिचे आयशीन सांगितला, पप्पा देवाघरी गेले. ती बोलते, मंग कावला का नाय आला? मी बोललो, कावल्याला भूक नव्हती. ती माजेकडं बगत बसली. मोठ्यांवर तिचा इश्वास नाय आता. टीव्हीवर हाय. मंग काय सांगायचा ता टीव्हीच सांगल. कार्टून मी निवडनार."

कमिटीतला एकजण म्हणाला, "आप्पा, एवढं टेन्शन कशाला? त्यावर लिहिलेलंच असतं, फॅमिलीला चालेल म्हणून. त्यातलं कुठलंही लावू."

"कुनाचे फॅमिलीला?" आप्पांनी विचारलं. "माजे फॅमिलीला चालल काय, ता मीच बगीन."

ठरलं असं, की आप्पांनी निवडायचं आणि कमिटीतर्फे मी सोबत बसायचं. खरं सांगायचं तर माझा भरवसा नव्हता. मला वाटलं, हा माणूस दुःखात आहे, भलतंच काहीतरी उचलेल.

दिवाळीची सुट्टी संपून मनस्वीची शाळा सुरू झाली होती; दुपारी ती शाळेत असायची तेव्हा मी त्यांच्याकडे जायचे. सुमित्राबाई, म्हणजे आप्पांच्या बायको, चहा आणून द्यायच्या आणि लगेच स्वयंपाकघरात जायच्या. त्यांना ते बघवत नसे. हॉलमध्ये मोठा टीव्ही, शेजारच्या भिंतीवर रूपेशचा हार घातलेला फोटो. सोफा सोडून आप्पा खाली फरशीवर बसले होते, मांडी घालून, मान वर करून.

"वर बसा ना, गुडघे दुखतील," मी म्हटलं.

"ती खाली बसते. हितनाच बगायला पायजेल."

पहिलं कार्टून लागलं. इतकं गमतीचं, की मी पाच मिनिटांत पोट धरून हसायला लागले. एक पांढरं भूत घरभर उड्या मारतं, पोरं त्याच्यामागे धावतात, शेवटी एक मुलगी त्याची चादर ओढते तर खाली कोण? तिचाच बाबा! पोरांची गंमत करत होता. मी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी टीव्ही बंद केला.

"हा नको."

"अहो का? भूत खोटं निघालं की! हेच तर तिला कळायला हवं."

"त्या दिशी खाली पोरं चादरी घेऊन फिरतील," आप्पा म्हणाले. "ती एकेकाची चादर ओढत फिरल. आन खाली तिचा बाप नसल."

मी हातातला चहा खाली ठेवला. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मी दोन मुलं वाढवली आहेत, आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या एकात भूत पकडणारी शहाणी पोरं होती. रक्त नाही, किंचाळ्या नाहीत, सगळं रंगीत आणि गोड. पोरं एका छोट्या भुताला नळीने ओढून बरणीत भरतात, झाकण लावतात आणि नाचतात. आप्पांनी नेमकं बरणीपाशी थांबवलं. काचेच्या आतून ते भूत इवल्याशा हातांनी ठकठक करत होतं. आप्पा टीव्हीवर असे ओरडले, की सुमित्राबाई बाहेर आल्या. "आरे सोरा तेला! काय केलाय तेनं तुमचा?" मग मला म्हणाले, "बापाला बाटलीत भरताना बगल ती."

दिवस जात होते आणि भुतांमागून भुतं बाद होत होती. कुठे भूत रडत होतं म्हणून. कुठे आपलं घर शोधत होतं म्हणून. कुठे वाईट माणसं भुतं होतात असं एकच वाक्य होतं म्हणून, एकच वाक्य हो, आणि तेही गाण्यात! मी दमले. घरी येऊन जयप्रकाशला म्हणायचे, "हा माणूस कशाचा बनलाय रे? पोटचा पोरगा गेलाय, त्याचा फोटो शेजारी आहे, आणि हा दुपारभर भुतं बघतो. एकेका भुताच्या जागी रूपेशला ठेवून बघतो. मला जमलं नसतं." खरंच सांगते, मला त्यांच्या पाया पडावंसं वाटायचं. त्याच आप्पांच्या, ज्यांच्या बोंबलांची मी तक्रार लिहून दिली होती.

आणि एक सापडलं. मला वाटलं, हेच! एका घरातली आजी वारलेली असते. वर्षातून एका रात्री ती येते, सगळ्यांबरोबर जेवते, नातवाचे केस विंचरते आणि पहाटे हळूच निघून जाते. भीती कसलीच नाही. मी पदराने डोळे पुसत म्हटलं, "आप्पा, झालं. हेच लावू." त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून लावलं. पुन्हा सगळं बघितलं. आजी दारातून आत येते ती जागा तर त्यांनी परत परत बघितली. मला वाटलं, त्यांनाही पटलं. ते संपलं तेव्हा ऊन भिंतीवरून सरकून फोटोवर आलं होतं.

"ही पन नको," ते म्हणाले.

"अहो इतकी गोड आहे! आता काय झालं?"

"गोड हाय म्हनूनच नको. एक रात येते न जाते. मंग माजी पोर दरवर्सी वाट बगल. म्हातारी झाली तरी दारान उभी र्‍हाऊन बगल. वाट बगन्यासारखा वाईट काय नाय गो बाय."

मला म्हणायचं होतं, की मग दुनियेत असं कार्टूनच नाही, सोडा नाद. पण त्यांचा चेहरा बघून मीच पुढचं कार्टून लावलं.

शेवटी एक मिळालं. हिंदीत बोलणारं, कुठल्या देशातलं कोण जाणे. डोंगरावर भुतांचं गाव. तिथली भुतं धुक्यातून जन्मतात. भुतांची आई पोरांना घासूनपुसून धुते आणि दोरीवर चिमटे लावून वाळत घालते. हॅलोविनच्या दिवशी सगळं गाव दारं लावून थरथरत बसतं, कारण खालच्या गावातली माणसांची पोरं येऊन दार वाजवणार! एक छोटं भूत मात्र माणसाचं पोर कसं दिसतं ते बघायला चोरून बाहेर पडतं. वाटेत एक मुलगी भेटते. दोघं एकमेकांना बघून बोंबलतात आणि आपापल्या घरी पळतात. संपलं.

दोरीवर वाळणारी भुतं बघून आप्पा हसले. "बोंबलासारकी टांगलीन की गो!" म्हणाले. ते मोठं हसू ऐकून सुमित्राबाई दारात आल्या आणि पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. रूपेश गेल्यानंतर त्या घरात कुणी असं हसलं नव्हतं.

"यात कोन मेला नाय," आप्पा म्हणाले. "मेलेला कोन परत आला नाय. कोनाला धरला नाय. भुता जन्मलीच भुता म्हनून. मानूस भूत होतच नाय हितं." मग त्यांनी ते परत बघितलं. आवाज बंद करून बघितलं. डोळे मिटून नुसतं ऐकलं. मी सांगते, पोटासाठी कुणी एवढी मेहनत करत नाही. "सगला बांध चालून आलो," शेवटी म्हणाले. "बिल नाय."

हॅलोविनच्या दिवशी संध्याकाळी क्लबहाउस भरून गेलं. चेटकिणी, हाडांचे सापळे, एक वटवाघूळ तर आईच्या कडेवरच झोपलेलं. मनस्वी पिवळा फ्रॉक घालून आली, केस चापूनचोपून विंचरलेले. नमिता मागे भिंतीला टेकून उभी राहिली, चेहरा उतरलेला. मनस्वी सगळ्यात पुढे बसली, आणि बसल्या बसल्या मान वळवून दाराकडे बघत होती. आप्पा तिच्यामागे खुर्चीवर होते. लॅपटॉपपाशी जयप्रकाश, शेजारी मी.

कार्टून सुरू झालं. दोरीवरची भुतं आली आणि पोरं खिदळली. मनस्वीही हसली. दाराकडे वळणारी मान हळूहळू थांबली. मी आप्पांकडे बघितलं, त्यांनी मला हाताने 'ठीक चाललंय' असं केलं. माझ्या जिवात जीव आला.

मग भुतांच्या गावची जत्रा आली. मीही तो प्रसंग कितीदा बघितला होता. पाळणे, दिवे, आणि पडदाभर भुतंच भुतं, म्हातारी, लहान, जाडी, लंबू. मनस्वी उठली. पडद्याजवळ गेली. प्रोजेक्टरच्या उजेडात तिच्या फ्रॉकवर भुतं हलायला लागली.

"ए मनस्वी, बस ना खाली!" पोरं ओरडली.

तिने ऐकलं नाही. नाक पडद्याला लागेल इतकी पुढे जाऊन ती एकेका भुताचं तोंड बघत होती. ती बापाला शोधत होती! अख्खं गाव भुतांचं, मग त्यात पप्पा असणारच की. आम्ही दोघांनी सगळं बघितलं होतं आणि हे बघितलं नव्हतं, कारण त्या गर्दीत आम्ही कुणाला शोधत नव्हतो.

"काका, थांबवा ना," ती म्हणाली. "लवकर जातायत सगळे."

जयप्रकाशने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बंद कर, बंदच कर. त्याचा हात गेला, आणि आप्पा खुर्चीवरून म्हणाले, "बंद नको करू. थांबव."

पडद्यावर जत्रा जागच्या जागी थांबली. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज तेवढा राहिला. आप्पा उठले, पोरांमधून वाट काढत पुढे गेले आणि त्या भल्यामोठ्या देहाने तिच्याशेजारी खाली बसले. मला वाटलं, आता तिला उचलून नेतील. काहीतरी सांगून वेळ मारून नेतील. मी असते तर तेच केलं असतं. पण आप्पांनीही मान वर केली आणि तिच्याबरोबर बघायला लागले.

तिने एका भुतावर बोट ठेवलं. "हे?"

आप्पांनी निरखून बघितलं. खरंच निरखलं, उगाच नाही. "नाय. याचा नाक बग किती मोठा."

"हे?"

"नाय गो. तुजे पप्पा येवरे ढेरपोटे व्हते काय?"

"हे मागचं?"

"जरा जवल जाऊन बग. नाय. ती तर बाई हाय."

एकेक भूत, एकेक भूत. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. सोसायटीतली एवढी माणसं उभी होती, वात्रट पोरं होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही. आपल्या मेलेल्या मुलाला भुतांच्या गर्दीत शोधायचं, आणि तेही घाई न करता, कारण शेजारी त्याची मुलगी शोधतेय. कुठून आणलं असेल या माणसाने हे बळ? मी देवळात जाते, उपासतापास करते, पण देवासमोर उभं राहिल्यासारखं मला त्या क्लबहाउसमध्ये वाटलं, तसं आधी कधी वाटलं नव्हतं.

कोपऱ्यातलं शेवटचं भूत झालं. मनस्वीने हात खाली घेतला.

"पप्पा यांच्यात नाहीत," ती म्हणाली.

"नायत."

"म्हणजे ते भूत नाही झाले."

"नाय झाले."

"अडकले पण नाहीत?"

"नाय गो बाय. कुटंच नाय अरकले."

तिने पुन्हा एकदा पडद्याकडे बघितलं. तिचा विचार कुठे चाललाय ते मला दिसत होतं आणि मी मनात म्हणत होते, नको, नको, तिथे नको जाऊस.

"मग ते येणार नाहीत," ती म्हणाली.

हॉलमधल्या प्रत्येकाला वाटत होतं, की आप्पांनी आता काहीतरी बोलावं. काहीही. स्वप्नात येतील म्हणावं, चांदणी झाले म्हणावं. माझ्याच जिभेवर चार खोटी उत्तरं तयार होती. आप्पांनी तिच्याकडे सरळ बघितलं.

"नाय येनार," ते म्हणाले.

आणि मग ती रडली. इतके दिवस आत कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं, पप्पा पप्पा करत ती जी रडली, की मागे नमिता भिंतीवरून घसरत खालीच बसली. आप्पांनी तिला मांडीवर घेतलं. उगी म्हटलं नाही, गप्प हो म्हटलं नाही. फक्त धरून ठेवलं. आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले. दहाव्याला सगळ्यांना सांभाळत उभा राहिलेला तो माणूस सगळ्या सोसायटीसमोर पोरासारखा रडत होता, आणि त्याला त्याची लाज नव्हती.

मनस्वीने मान वर केली. आजोबांना असं तिने कधी बघितलं नव्हतं. हुंदके देत देतच तिने त्यांच्या गालाला हात लावला.

"आप्पा," तिने विचारलं, "तू पण वाट बघत होतास?"

"हां गो बाय," आप्पा म्हणाले. "मी पन."